दोरी कोणाला दिसावी?

या सदराचे जुने वाचक जाणतात की, येथे आपण घरात व घराभोवती नित्य आढळणाऱ्या वस्तूंच्या पोटातील विज्ञान पाहत असतो. प्रेशर कुकरची शिटी, माठातले गार पाणी, पतंगाची कण्णी असे विषय आजवर होऊन गेले. या खेपेचा विषय मात्र असा आहे की, त्याचा सारा मोठेपणा न दिसण्यातच आहे. तो विषय म्हणजे मासे धरण्याच्या गळाची दोरी. आमच्या इंदूरकडील पुष्कळ मराठी घरांत मासा उंबरठ्याच्या आत येत नाही. माझे घरही त्यांतलेच. गोव्याकडील वाचकांच्या घरी मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. दोन्ही पंक्तींतील वाचकांनी हा लेख निःशंकपणे वाचावा. यात मासा ताटात येत नाही. तो पाण्यातून वर येतो आणि पुन्हा पाण्यातच जातो.

गेल्या वर्षी आम्ही उभयता अमेरिकेत, टेक्सस राज्यातील डॅलस शहराजवळ, चिरंजीवांकडे चार महिने राहून आलो. नातू पंधरा वर्षांचा. त्याला मराठी समजते, पण बोलताना अडखळते. मी छत्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले. त्यामुळे हा म्हातारा केव्हा परीक्षा घेऊ लागेल याचा नेम नाही, अशा धास्तीने तो माझ्यापासून चार हात दूरच राहत असे. पहिले तीन आठवडे आमचे संभाषण "जेवलास का?" आणि "हो आजोबा" यापलीकडे गेले नाही. एके दिवशी मोटारीच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेल्या पाच-सहा काठ्या दिसल्या. मी विचारले, "हे काय रे?" आणि त्या मुलाचा चेहरा प्रथमच उजळला. तो बासच्या मागे लागलेला होता.

बास हा गोड्या पाण्यातला मासा. आपल्या कोकणातील जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, त्यालाही इंग्रजीत बासच म्हणतात. पण दोघांचे नाते नावापुरतेच. अमेरिकेतील मोठ्या तोंडाचा बास निराळ्या कुळातला आहे. हिरवट पाठ, कुशीवर एक काळसर पट्टा आणि डोळ्यांच्याही मागे जाणारा जबडा, अशी त्याची ओळख. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याआड तो दबा धरून बसतो आणि समोरून काही हलताना दिसले की झडप घालतो. या एका माशाच्या मागे अमेरिकेत लाखो माणसे असतात. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने १९३२ साली जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, त्याची कथा तिकडे अजून सांगतात. जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली त्याच्या तोडीचा मासा निघाला, तेव्हा त्या विक्रमाला सत्त्याहत्तर वर्षांनी भागीदार मिळाला. नातू या माशाचा उच्चार 'बॅस' असा करतो आणि माझा सुधारतो. मी मात्र येथे बास असेच लिहितो. त्याच्या आजीलाही तेच सोयीचे पडते.

एका शनिवारी तो मला दुकानात घेऊन गेला. तेथे एक अख्खी भिंत दोरीच्या रिळांनी भरलेली होती. पांढरी पारदर्शक, शेवाळी हिरवी, निळसर चमकणारी, लाल, तपकिरी आणि लिंबासारखी झगझगीत पिवळी. नातवाने विचारले, "आजोबा, कुठली घेऊ?" वाचकहो, शिक्षकाला निवृत्तीनंतर असा प्रश्न कोणी विचारला म्हणजे त्याचे काय होते, ते शिक्षकच जाणे.

दोरीच्या रंगाची ही चिंता आजची नव्हे. इंग्लंडात १४९६ साली गळविद्येवरील एक पुस्तिका छापली गेली. ती जुलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितली जाते. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत असत, आणि ते केस सहा रंगांत कसे रंगवावेत हे तीत दिले आहे. उन्हाळ्यात निवळ पाण्यासाठी हिरवा, लव्हाळी सुकू लागली की पिवळा, हिवाळ्यात तांबूस, काळ्या संथ पाण्यात तपकिरी. आयझॅक वॉल्टन या प्रसिद्ध लेखकाच्या ग्रंथातही (पहिली आवृत्ती १६५३ ची) जवाचे मद्य, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी यांत केस उकळण्याची कृती आहे. पुढे रेशमाच्या किड्याची रेशीमग्रंथी ताणून केलेली तात आली. ती स्पेनमधील मुर्सिया प्रांतातून जगभर जाई. १९३५ साली ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन तयार केले, आणि ते दशक संपण्यापूर्वीच त्याची अखंड एकेरी दोरी गळाला लागली. हीच आपल्या कोकणातली तंगूस. १९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बन नावाच्या द्रव्याची दोरी काढली, आणि १९९० नंतर पॉलिएथिलीनच्या अतिशय बळकट तंतूंची विणलेली दोरी प्रचारात आली. आज दुकानात याच तीन जाती असतात: नायलॉन, फ्लुओरोकार्बन आणि विणीची.

आता पारदर्शक दोरी पाण्यात दिसेनाशी का होते? याचा प्रयोग वाचकांना स्वयंपाकघरात करता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेची परीक्षानळी घ्या आणि ती गोडेतेलाने भरलेल्या पेल्यात बुडवा. नळीच्या आतही तेल भरू द्या. नळी जवळजवळ नाहीशी होते! काच तीच, डोळेही तेच. कारण असे की, वस्तू दिसण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरून प्रकाश परतावा लागतो किंवा तिच्यातून जाताना तो वळावा लागतो. दोन पदार्थांचे वक्रीभवनांक सारखे असले म्हणजे प्रकाश परततही नाही आणि वळतही नाही. त्या नळीच्या काचेचा आणि तेलाचा वक्रीभवनांक १.४७ च्या आसपास आहे. पाण्याचा १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३ आणि फ्लुओरोकार्बनचा सुमारे १.४२. हिशेब केला तर, समोरून येणाऱ्या दर हजार किरणांपैकी हवेत नायलॉनवरून सुमारे चव्वेचाळीस परततात. तेच नायलॉन पाण्यात बुडाले की पाच. आणि फ्लुओरोकार्बन बुडाले की फक्त एक.

हा प्रयोग मी त्याच संध्याकाळी सूनबाईंच्या ओट्यावर, नातवाच्या विज्ञानपेटीतील नळी घेऊन करून दाखवला. नातवाने तोंडात बोट घातले. अर्थात खरेदी माझ्या मताप्रमाणेच झाली होती: पारदर्शक फ्लुओरोकार्बन, बारा पौंड ताकदीची. त्याच्या मनात पिवळी विणीची दोरी होती. मी हसून म्हटले होते, "पिवळी? माशाला निमंत्रणपत्रिका धाडायची आहे का?" तो काही बोलला नाही. त्याने पिवळे रीळ परत जागेवर ठेवले.

पुढच्या शनिवारी पहाटे आम्ही लेक फोर्कला निघालो. डॅलसच्या पूर्वेस दीड तासाच्या रस्त्यावर असलेला हा तलाव निसर्गनिर्मित नव्हे. साबीन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण बांधून १९८० साली तो भरू लागला. क्षेत्रफळ सुमारे २७,००० एकर. पाणी भरण्यापूर्वी तेथील बरीच झाडे मुद्दाम उभीच ठेवली. ती आज पांढरी पडून, हात वर केलेल्या माणसांसारखी, पाण्यात उभी आहेत. माशांना तो आसरा आहे. १९९२ च्या जानेवारीत येथेच १८.१८ पौंडांचा बास सापडला आणि टेक्ससचा विक्रम झाला.

गळ टाकण्याची रीत अशी. मऊ प्लॅस्टिकचा गांडुळासारखा किडा गळावर ओवायचा, पुढे शिशाची लहानशी गोळी, आणि तो बुंध्याच्या शेजारी हळूच सोडायचा. किडा डुलत डुलत तळाकडे जातो. बहुतेक वेळा बास तो उतरतानाच तोंडात घेतो. पण हाताला झटका बसेलच असे नाही. दोरी जेथे पाण्यात शिरते तेथे ती किंचित थरथरते, एका बाजूला सरकते किंवा तळ यायच्या आधीच ढिली पडते. तेवढीच खूण. तेवढ्यात काठी उचलली नाही, तर मासा ते खोटे अन्न थुंकून निघून जातो.

त्या दिवशी नातवाने चार मासे वर काढले. माझ्या वाट्याला एकही नाही. तीन वेळा तो ओरडला, "आजोबा, दोरी हलली! ओढा!" आणि तीनही वेळा मी उशिरा ओढली. मी म्हणालो, हात थंडीने आखडले आहेत. मग म्हणालो, उन्हाची तिरीप आहे. चष्मा दोनदा पुसला. परत येताना गाडीत तो इतकेच म्हणाला, "आजोबा, तुम्हाला दोरी दिसते ना?" मी म्हटले, "दिसते तर! न दिसायला काय झाले?"

आता कबूल करतो. मला दोरी दिसत नव्हती. निघण्याच्या दोन महिने आधी इंदूरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आल्याचे सांगितले होते आणि शस्त्रक्रिया लवकर करून घ्या, असे बजावले होते. तिकिटे काढून झाली होती. घरी सांगितले असते तर प्रवास रद्द झाला असता, म्हणून मी ती चिठ्ठी कपाटात कागदांखाली सरकवली. सौभाग्यवतींना नाही, चिरंजीवांना नाही, कोणालाच सांगितले नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडे दिसे. मी गप्प बसे. जिन्याची शेवटची पायरी चुके. मी कठडा धरून उतरे. चार महिने असेच निभावून नेऊ, असा माझा बेत होता. माशासाठी अदृश्य दोरी निवडताना मी ती माझ्यासाठीही अदृश्य करून बसलो होतो, आणि माझे ज्ञान त्या वेळी माझेच अज्ञान झाकत होते.

त्यानंतरच्या शनिवारी तलावाच्या काठावर नातवाने एक काठी माझ्या हाती दिली. तिच्या रिळावर तीच झगझगीत पिवळी विणीची दोरी होती, आणि तिच्या टोकाला माझी पारदर्शक फ्लुओरोकार्बन जोडलेली. या पुढच्या तुकड्याला तिकडे लीडर म्हणतात. गाठ इतकी बारीक की नखालाच कळावी. तो म्हणाला, "हे सहा फूट माशासाठी. बाकीचं तुमच्यासाठी." पुढे आणखी काही बोलला नाही. माझ्याकडे न पाहता तो आपल्या काठीची गाठ ओली करून आवळू लागला.

मी शिक्षक असताना ज्या मुलांना सर्वांत हुशार समजत असे, त्यांच्यापैकी किती जणांना एवढे सुचले असते, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

त्या दिवशी मला दोरी दिसली. काळ्या-हिरव्या पाण्यावर हळदीने ओढलेल्या रेघेसारखी. अकराच्या सुमारास एका बुंध्याशी ती रेघ थबकली आणि हातभर डावीकडे सरकली. मी काठी उचलली. मासा तीन-साडेतीन पौंडांचा असेल. पण पाण्याबाहेर उडी घेऊन त्याने डोके झाडले तेव्हा माझ्या वयाची पस्तीस वर्षे कमी झाली. नातवाने हात ओले करून तो धरला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचे बुळबुळीत संरक्षक आवरण निघून जाते. गळ काढला, क्षणभर मला दाखवला आणि पाण्यात सोडून दिला. बास-स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनी १९७२ पासून आपल्या स्पर्धांतून मासे जिवंत सोडण्याचा प्रघात पाडला, आणि तो तिकडे चांगलाच रुजला आहे.

आता शास्त्राकडे वळू. कारण माझे गणित चुकले नव्हते, ते अपुरे होते. मी फक्त माशाचा विचार केला होता, आणि तोही अर्धाच.

पहिली गोष्ट, पाणी रंग गाळते. निवळ पाण्यात तांबडा रंग सर्वांत आधी, थोड्याच खोलीत, शोषला जातो. निळा सर्वांत खोल जातो. म्हणून काही लोक सांगतात की, लाल दोरी पाण्यात नाहीशी होते. हे खरे नव्हे. लाल प्रकाश संपला म्हणजे लाल वस्तू काळी दिसते, नाहीशी होत नाही. फळ्यावरची खडूची रेघ काळी केली तर ती लपेल. पण पांढऱ्या भिंतीवर? शिवाय बास पुष्कळदा पाच-दहा फूट पाण्यात असतो, आणि तेथे लाल प्रकाश बऱ्यापैकी शिल्लक असतो. उलट शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात हिरवा-पिवळा प्रकाश उरतो, आणि पालापाचोळा कुजून चहासारख्या झालेल्या पाण्यात तांबूस-नारिंगी. तेव्हा पाच शतकांपूर्वीच्या त्या पुस्तिकेतील सल्ला, की जसे पाणी तसा रंग, मुळात शहाणपणाचाच होता.

दुसरी गोष्ट, माशाचा डोळा आपला नव्हे. इलिनॉय राज्यात फ्रँक ब्राउन या शास्त्रज्ञाने १९३७ साली बासला रंग ओळखायला शिकवून निष्कर्ष काढला की, पिवळसर काचेतून पाहणाऱ्या माणसाला जसे रंग दिसतील तसे काहीसे या माशाला दिसत असावेत. २०१९ साली इलिनॉयमधीलच संशोधकांनी त्याच्या नेत्रपटलाचे मापन प्रसिद्ध केले. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. बासच्या डोळ्यात दोनच, एक हिरव्या प्रकाशाला (सुमारे ५३५ नॅनोमीटर) आणि दुसरी तांबड्याला (सुमारे ६१४ नॅनोमीटर) विशेष प्रतिसाद देणारी. निळ्यासाठी स्वतंत्र पेशी नाही. तांबडा व हिरवा रंग शिकवलेले मासे ते अचूक ओळखत. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसेच निळा आणि काळा, यांत त्यांची गल्लत होई. म्हणजे लाल दोरी 'माशाला दिसत नाही' हा समज दोन्ही बाजूंनी लंगडा आहे: लाल रंग तर त्याचा हातखंडा! आणि पिवळी दोरी त्याला बहुधा पांढरट दिसते.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसते. त्याचा कोन सुमारे ९७ अंश असतो. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळाचेच प्रतिबिंब दाखवतो. या उजळ झरोक्यासमोर आलेली अपारदर्शक दोरी हिरवी असो की पिवळी, काळ्या रेघेसारखीच दिसणार. तीच दोरी बाजूने पाहिली तर हिरव्या धूसर पाण्यासमोर, आणि वरून पाहिली तर काळ्या तळासमोर. एकच रंग या तिन्ही ठिकाणी लपणे अशक्य. म्हणून माशाजवळचा तुकडा रंगाने नव्हे तर पारदर्शकतेने आणि बारीकपणाने लपवावा, आणि उरलेली दोरी माणसाला दिसेल अशी ठेवावी, हे नातवाचे उत्तर शास्त्राला धरून होते.

ज्या वाचकांना, किंवा त्यांच्या परदेशी असलेल्या मुला-नातवंडांना, हा छंद आहे त्यांच्यासाठी सार देतो. निवळ, उथळ आणि माणसांनी फार ढवळलेल्या पाण्यात बारीक फ्लुओरोकार्बन, निदान पुढचे सहा-आठ फूट. गढूळ पाण्यात रंगाची चिंता करू नये. तेथे दोरी कोणालाच धड दिसत नाही, तुम्हाला दिसेल अशीच घ्यावी. दाट वनस्पतींत गडद हिरवी, जाड विणीची. तेथे लपण्यापेक्षा न तुटणे महत्त्वाचे. पृष्ठभागावर तरंगणारे आमिष असेल तर फ्लुओरोकार्बन टाळावी, कारण ती पाण्याहून जड असल्याने आमिषाचे नाक खाली ओढते. विणीची दोरी तरंगते, नायलॉनची हळूहळू बुडते. रात्री काही जण निळ्या चमकणाऱ्या दोरीवर जांभळा दिवा टाकून मासे धरतात. ती प्रकाशकाठीसारखी उजळते. आणि उन्हाने जुनी झालेली नायलॉनची दोरी, रंग कोणताही असो, टाकून द्यावी.

पण कोठे टाकावी? याचे उत्तर मला शेवटच्या फेरीत मिळाले. एका उभ्या वाळक्या झाडाशी मोठा राखी बगळा विचित्र वाकून उभा होता. आम्ही जवळ गेलो तरी उडेना. नातवाने नीट पाहिले तेव्हा कळले, कोणीतरी तोडून दिलेली पारदर्शक दोरी फांदीवरून लोंबत होती आणि त्याचा पाय तीत अडकला होता. न दिसण्याचा जो गुण मी ओट्यावर कौतुकाने सिद्ध करून दाखवला होता, तोच त्या पक्ष्याच्या पायात होता. माशाला न दिसणारी दोरी बगळ्यालाही दिसत नाही. नातवाने अंगावरचे जाकीट बगळ्याच्या डोक्यावर टाकले आणि नखे कापण्याच्या कात्रीने दोरी कापली. अर्धा तास गेला. पक्षी जाताना त्याच्या हातावर एक ओरखडा ठेवून गेला. ती दोरी आम्ही धक्क्याजवळच्या, जुन्या दोऱ्यांसाठीच बसवलेल्या पांढऱ्या नळीत टाकली. नायलॉन असो की फ्लुओरोकार्बन, निसर्गात कुजायला तिला पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

हे लिहिताना मला आमच्या मकरसंक्रांतीची आठवण होते. इंदुरात आणि बडोद्यात आकाश पतंगांनी भरते, आणि त्याच दिवशी नायलॉनच्या मांज्याने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापले जातात. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. तोही न दिसणाऱ्या दोरीचाच प्रकार. ज्याला दोरी दिसायला हवी त्याला ती दिसत नसली, म्हणजे तिचे शस्त्र होते.

त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी नातवाच्या हातावर हळद लावता लावता विचारले, "सोडूनच द्यायचा असतो तर मासा धरतोस कशाला रे? त्याला गळ लागत नाही का?" नातू गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, मला त्याला जवळून बघायचं असतं." हे उत्तर पुरेसे नाही, हे त्यालाही कळत होते आणि मलाही. गळ माशाला लागतोच. पण जो मुलगा अर्धा तास बगळ्याच्या पायाशी बसतो, त्याला हा प्रश्न सोबत घेऊन जगता येईल, असा मला विश्वास वाटतो. म्हणून मी मध्ये पडलो नाही. त्याऐवजी मी, जेवणे झाल्यावर, सर्वांसमोर डोळ्यांची हकिगत सांगून टाकली. चिरंजीव रागावले, सूनबाईंनी कपाळाला हात लावला, आणि सौभाग्यवती चार दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. नातवाला मात्र मुळीच आश्चर्य वाटले नाही.

इंदूरला परतल्यावर दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया पार पडल्या. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याची भिंत निळी असल्याचे मला समजले. जाताना मी ती करडी समजून गेलो होतो. मोतीबिंदूचे भिंग पिवळे-तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. आपण पिवळ्या काचेतून पाहत आहोत, हे आतल्याला कळतच नाही. फ्रँक ब्राउनने बासच्या डोळ्याविषयी जे लिहिले होते, ते मला त्या क्षणी आठवले. लेक फोर्कवर दोरीच्या एका टोकाला जो होता आणि दुसऱ्या टोकाला जो होता, ते दोघेही साधारण सारखेच जग पाहत होते!

असो. आता दर रविवारी सकाळी टेक्ससहून फोन येतो. संभाषण "जेवलास का?" च्या बरेच पुढे गेले आहे. पाण्याची उंची, वारा, कोणती गाठ सुटली, कोणती टिकली, असे पाऊण तास चालते. शेवटी आजी फोन ओढून घेते आणि म्हणते, "आता बास झाला तुमचा बास!" वाचकांपैकी ज्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात कागदांखाली सरकवली असेल, त्यांनी ती आजच बाहेर काढावी, एवढी विनंती करून या महिन्यापुरती रजा घेतो.